आजीची आठ बाळंतपणं

हेळवी म्हणजे गावोगावी फिरून घराण्यांच्या वंशावळी वहीत ठेवणारा. आमच्या हेळव्याच्या वहीत आजोबांच्या नावाखाली दोनच मुलगे आहेत, माझे वडील आणि काका. गावच्या महालक्ष्मी यात्रेला काकांनी घरची वंशावळ छापून वाटली, तिच्यात चार मुलं आहेत, कारण काकांनी दोन्ही आत्यांनाही घेतलं. आजी मात्र आठ वेळा बाळंत झाली होती. हा आकडा थोरल्या आत्याकडून निघाला, तोही सरळ नाही.

निमित्त झालं भाचीचं. ती पहिलटकरीण. बेळगावातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, घरात कुणाची मुलं उपजत किंवा जन्मल्यावर थोड्या दिवसांत दगावली होती का? भावानं मला फोन केला, मी काकांना केला. "असतील की, त्या काळी कुणाच्या घरात नव्हती?" यापलीकडे कुणाला काही सांगता येईना. मी पतसंस्थेत काम करते. ताळा न लागलेली रक्कम बघितली की मला झोप येत नाही, त्यामुळं हे माझ्याच गळ्यात पडलं.

आत्या आता शहाऐंशीची. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावीच तिला दिलेली, त्यामुळं घरातलं सगळं तिला ठाऊक. "तुम्ही भावंडं किती?" विचारलं तर "चौघं." "आणि गेलेली?" तर म्हणाली, "ती कसली मुलं गं? पाचवीसुद्धा पुजली नव्हती." मग मी मुलांबद्दल विचारणं सोडलं आणि बाळंतपणांबद्दल विचारायला लागले. सुईण कोण होती? रोप लावणीचे दिवस होते की सुगीचे? शेगडी किती दिवस होती? पाचवी पुजली? बारसं झालं? दात आले होते? आणि आत्या बोलायला लागली, बोटांवर मोजत. मुलं विसरायची असा घराचा रिवाज होता, बाळंतपण विसरा असं कुणी सांगितलं नव्हतं. आजीनं तिला सगळं सांगितलं होतं, काही तिनं स्वतः पाहिलं होतं.

पहिलं बाळंतपण आजीच्या माहेरी, मुलगा, सहा दिवसांचा होऊन गेला. मग आत्या स्वतः. मग एक उपजत. मग एक मुलगी, तिचं बारसं झालं, दोन दातही आले होते. मग माझे वडील, काका, धाकटी आत्या ही ओळीनं जगली. शेवटी एक मुलगी, तीन दिवसांची. "आपण म्हैसुरात गेलो म्हणून लोक बोलत होते बघ, त्या वर्षी. मी दिवाळीला म्हणून आले होते ती सुगी संपेपर्यंत राहिले." म्हणजे १९५६, आमचा बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, आजच्या कर्नाटकात, गेला ते साल. आमच्याकडे एक नोव्हेंबर ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

वडिलांचं नाव दगडू का, हेही त्याच दुपारी कळलं. लागोपाठ दोन गेली की तिसऱ्याचं नाव असंच ठेवायचं, म्हणजे सटवी ढुंकून बघत नाही. कुणी धोंडिबा, कुणी भिकू, कुणी केरबा, आणि आमच्या शेजारच्या कानडी घरात तिप्पाण्णा (तिप्पे म्हणजे उकिरडा). आता मी कुठल्याही जुन्या वंशावळीत असं नाव दिसलं की त्याच्या वर रिकामी जागा आहे असं धरते. नुसत्या नावावर मात्र विसंबू नये, कारण नातू आजोबांचं नाव चालवतो आणि मग दगडूच्या आधी कुणीच गेलेलं नसतं. दोन भावंडांत चार-पाच वर्षांचं अंतर आणि त्याखाली असं नाव, हे दोन्ही जुळलं तर शोधायला बसावं.

कागद शोधायला लागल्यावर एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात पक्की केली. प्रत्येक वही मुलाला वेगळ्या दिवसापासून धरते. हेळव्याला नाव लागतं, आणि तेही मुलग्याचं. सुगीनंतर तो आला तेव्हा मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "बाई, नाव नाही त्याला वहीत घालू कुठं?" त्याचं चुकलं असं मला वाटत नाही, त्याची वही कूळ चालवायची आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, गोकर्ण इथल्या पुरोहितांच्या वह्यांतही अशी मुलं सापडण्याची आशा कमीच, कारण त्यांचं श्राद्ध होत नाही. बाळंतपणात गेलेली बाई सापडू शकते. ती सवाष्ण गेलेली, म्हणून घरात अविधवा नवमीला पान वाढतात, आणि कुणासाठी वाढतात एवढं विचारलं तरी एक बाळंतपण हाती लागतं. दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात, म्हणून स्मशानातही खूण नाही. आत्यानं जागा दाखवली ती शेताच्या बांधावरची. खड्ड्यात मीठ घालायचं, वर दगड आणि बाभळीच्या फांद्या, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

राहिली सरकारी वही. जुन्या मुंबई राज्याच्या पद्धतीत जन्म-मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये व्हायची. कोतवाल खबर द्यायचा, नोंद पाटील-कुलकर्णी किंवा तलाठ्याकडं. त्या वह्या नशिबानं टिकल्या असतील तर तालुक्याच्या कचेरीत, रेकॉर्ड रूममध्ये.

पहिल्या मुलासाठी मी खानापूरला गेलेच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि नोंद जिथं जन्म-मृत्यू घडला तिथं. आजीचं माहेर चंदगड भागातलं. हा भाग १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा वगळून. तो कोल्हापूरला जोडला गेला. एकाच आजीची बाळंतपणं त्यामुळं आज दोन राज्यांच्या कचेऱ्यांत विभागली आहेत. आमच्या सीमाभागात ज्यांचं मूळ शोधायचं आहे त्यांनी बाईचं माहेर आधी नकाशावर बघावं. शहापूरवाल्यांना तर आणखी एक फाटा आहे. शहापूर बेळगावाला चिकटून असलं तरी संस्थानं विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होतं.

चंदगडला माझं काम तुलनेनं सोपं झालं त्याचं श्रेय कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेला. २०२३ पासून महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यात नमुना १४ च्या वह्या काढून तपासल्या गेल्या, त्यामुळं गठ्ठे वर आलेले होते आणि मोडी वाचणारी माणसंही कुठं भेटतात ते कळत होतं. मला जे मोडी वाचक मिळाले ते भिंगाच्या काठानं एकेक ओळ झाकत वाचायचे. मी त्यांना आजोबांचं नाव दिलं होतं. ते म्हणाले, नाव बघू नका, वयाचा रकाना बघा. वर्षं लिहिलेल्या ओळी सोडायच्या आणि "दिवस" लिहिलेल्या तेवढ्या वाचायच्या. १९३७ च्या पानांवर अशा ओळी इतक्या होत्या की मी मध्येच मोजायचं थांबवलं. त्यातली एक आमची. नावाच्या जागी आजोबांचं नाव आणि पुढं "याचा मुलगा", राहणार आमचं गाव, वय दिवस ६, कारण ताप. खबर देणार म्हणून आजीच्या वडिलांचं नाव. आजीचं नाव कुठंच नाही.

"ताप" या शब्दावर फार विसंबू नये. त्या वह्यांत कारणांचे ठरावीक कप्पे असत, पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा, आणि उरलेलं सगळं इतर. लिहिणारा वैद्य नव्हता. आत्यानं आजीकडून ऐकलेलं वर्णन वेगळंच आहे. पाचव्या दिवशी बाळानं दूध ओढायचं बंद केलं, मग अंग ताठ झालं, हात लावला की आकडी यायची. नाळ विळ्यानं कापलेली, वर राख लावलेली. डॉक्टरीणबाईंनी हे ऐकल्या ऐकल्या सांगितलं, हा धनुर्वात. नाळेच्या जखमेतून जंतू जातात आणि साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात लक्षणं दिसतात. रक्तातून चालत येणारा आजार नव्हे. गरोदर बाईला इंजेक्शन आणि स्वच्छ ब्लेड, एवढ्यानं तो टळतो. भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं.

दात आलेली मुलगी खानापूर तालुक्याच्या वहीत मिळाली, १९४४, वय महिने ८, कारण पुन्हा ताप. बारसं झालेलं होतं, आत्याला नाव पाठ आहे, तरी वहीत "याची मुलगी" एवढंच. म्हणून घरात नाव माहीत असलं तरी शोध बापाच्या नावानंच घ्यावा. उपजत मूल मला ना जन्मात सापडलं ना मृत्यूत.

इथून पुढचा भाग लिहावा की नाही याचा बरेच दिवस विचार केला. आईला विचारून लिहिते आहे.

माझा भाऊ १९७१ चा, मी १९७६ ची. भावंडांतलं अंतर बघायला मी सगळ्यांना सांगत होते आणि आमच्या घरातलं अंतर डोळ्यांसमोर होतं. आईला विचारायला जड गेलं. ती तांदूळ निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, "होतं की. चौऱ्याहत्तर साली. आठवा सरून गेला होता. मला कुणी दाखवलंच नाही, तुझ्या आजीनं परस्पर नेऊ दिलं." ज्या दवाखान्यात हे झालं तिथली जुनी रजिस्टरं केव्हाच रद्दीत गेली होती. तसं सांगणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर याला काय विचारायचं असतं का, असा भाव होता. पण १९७४ म्हणजे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरचं साल, आणि तो कायदा मी तोवर वाचून काढला होता.

त्यात "जन्म" म्हणजे जिवंत जन्म किंवा मृत जन्म, दोन्ही. "मृत्यू" मात्र जिवंत जन्मानंतरच होऊ शकतो. त्यामुळं मृत जन्मलेल्या मुलाचा मृत्यूचा दाखला नसतोच, मृत्यूच्या रजिस्टरात कितीही शोधा. त्याची वही वेगळी. नियमानं २८ आठवडे भरलेले असले तरच नोंद, त्याआधीचं काहीच कागदावर येत नाही. आणि कलम १७ खाली कुणीही फी भरून रजिस्टरात शोध मागू शकतो. मृत्यूच्या उताऱ्यात कारण मात्र देत नाहीत, तशी त्याच कलमात बंदी आहे.

कर्नाटकात मी अर्ज कानडीतून दिला. जनन की मरण असं खिडकीवर विचारतात. "निर्जीव जनन" म्हणा. हे दोन शब्द मला शेजारच्या कानडी बाईंनी लिहून दिले, आणि ते उच्चारल्यावर खिडकीमागचा मुलगा उठून आत गेला. तोवर तो मोबाईलकडंच बघत होता. बाळंतपण शहरात झालेलं, म्हणून नोंद शहराच्या रजिस्टरात. गावच्या तलाठ्याकडं गेले असते तर नाही म्हणून उत्तर आलं असतं. ओळ मिळाली. बापाचं नाव, आईचं नाव, तारीख, आणि लिंगाच्या रकान्यात स्त्री.

घरी येऊन आईला सांगितलं. "मुलगी होती होय," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मला मुलगा म्हणून सांगितलं होतं." कुणी आणि का सांगितलं असेल, याचे तर्क आम्ही दोघी अजून करतो. सासूला विचारायला ती राहिली नाही.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं एका कागदावर लिहून दिलं. त्यांना मुख्यतः बघायचं होतं ते आरएच रक्तगटाचं. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पहिलं मूल बहुधा सुखरूप होतं आणि पुढच्यांना धोका वाढत जातो. त्यावरचं अँटी-डी इंजेक्शन १९६८ च्या सुमाराला आलं, त्याआधीच्या बायका एकामागून एक मुलं गमावत आणि दोष बाईच्या पायगुणाला जाई. आजीचा रक्तगट कुणाला माहीत असणार? पण तिची पाचवी, सहावी, सातवी मुलं ओळीनं जगलेली, तेव्हा ते चित्र जुळत नाही. आईचा पॉझिटिव्ह आहे. भाचीचाही. कागद तिच्या फाईलला लावला.

काकांशी मात्र वाद झाला. वंशावळीची नवी प्रत काढायची तर ही मुलं घालायची का? ते म्हणतात, "नावच नाही, तर घालून काय करणार? आणि वहिनींचं चारचौघांत कशाला?" दुसरा मुद्दा मला पटला. आईचं मूल छापील प्रतीत नाही, घरच्या वहीत आहे. आजीची चारही मुलं घातली: "मुलगा, ६ दिवस, १९३७, आजोळी" अशी एकेक ओळ, आणि उपजत मुलापुढं "आत्याच्या सांगण्यावरून" असं स्पष्ट लिहून. आत्यानं प्रत हातात घेऊन आधी मोजलं. आठ भरल्यावर म्हणाली, "आता बरोबर."

१९५६ ची तीन दिवसांची मुलगी अजून कागदावर मिळालेली नाही. आमच्या गावच्या वहीत त्या काळातली काही पानं मराठी आणि पुढची कानडी आहेत, मधली काही पानं सुटलेली दिसतात. ती दुसऱ्या गठ्ठ्यात असू शकतील असं रेकॉर्ड रूममधले म्हणाले. अर्ज देऊन ठेवला आहे.