काकूंची वही

लातूरला एका बँकेत मी घरतारण कर्जाच्या फायली बघतो. जागेची पाहणी म्हणजे भिंती आणि कागद बघणं, असं लोकांना वाटतं. मी आधी गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी बघतो, मग बोअर, मग विजेचं मीटर एक आहे की खोलीगणिक वेगळं. खोल्या भाड्याने देणाऱ्याच्या हातात शेवटी किती उरतं, ते तिथं कळतं.

मे महिन्यात औसा रोडच्या आतल्या गल्लीत असाच गेलो होतो. खाली काकू राहतात, वर आठ खोल्या, खोलीत दोन-दोन मुलं. मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा होऊन गेलेली, त्यामुळे खोल्या रिकाम्या होत्या आणि काकू स्वतः उभ्या राहून चुना मारून घेत होत्या. अर्ज मुलाचा: २० लाख, घरदुरुस्तीसाठी. जिना चढताना त्यानंच खरं सांगितलं. रिंगरोडच्या पलीकडे तीन प्लॉट घ्यायचे होते. “सर, दोन वर्षांत डबल. माझ्या मित्राचे झालेत.”

मित्राचे झालेही असतील. लातूरच्या कडेला भाव वाढलेले मीही पाहिलेत. पण मी सातबारा मागवला, तर तो सामाईक नावांवर, जमीन एनए म्हणजे बिगरशेती नाही. असा प्लॉट घ्यायला उद्या कुठली बँक कर्ज देईल? रोख पैसेवाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत वाढलेला भाव बोलण्यापुरताच. आम्ही कर्जदाराकडून पैसे सट्ट्यात घालणार नाही असं लिहून घेतो आणि पुढं कोणी बघत नाही. याची मला चीड आहे.

भाड्याचा पुरावा मागितला तेव्हा काकूंनी वही आणली. रजिस्टर केलेला करार एकही नव्हता, पण असा हिशेब मी सीएच्या कागदांतही पाहिलेला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या दिवसांत, पानंच्या पानं टँकरची. मार्च २०२० नंतर मुलांची नावं आणि पुढं फक्त ‘डिपॉझिट परत’. पुढची पानं कोरी.

तिथंच बसून आकडे मांडले. १६ मुलं, प्रत्येकी २,५०० रुपये, महिन्याचे ४०,०००. मे-जून धरायचे नाहीत, म्हणून वर्षाचे चार लाख. वीजबिल, टँकर, मोटारीचं वाइंडिंग, रंग, घरपट्टी मिळून ९० हजार. उरले तीन लाख दहा हजार. २० लाखांचा साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांचा हप्ता जवळपास २७ हजार, म्हणजे वर्षाला सव्वातीन लाखांच्या घरात. काकूंचं किराणा-औषध यात धरलेलंच नाही. मुलाची कमाई कागदावर शून्य.

काकूंनी विचारलं, “साहेब, त्या प्लॉटात कोणी राहतंय का ओ? महिन्याला काय देतंय ते?”

मुलगा शेजारी उभा होता. “बघतो काकू,” म्हणालो आणि वही मिटून दिली. हे मला अजून टोचतं. घर त्यांच्या नावावर, सही त्यांची लागणार होती. पण आकडे मी दुसऱ्या दिवशी शाखेत मुलाला समजावले, त्यांना नाही.

‘परतफेडीची क्षमता नाही’ असा शेरा मारून फाइल परत पाठवली. मॅनेजरसाहेबांचं टार्गेट अडलं होतं, चार दिवस धड बोलले नाहीत. मुलानं महिनाभरात एका खासगी फायनान्सवाल्याकडून तेवढीच रक्कम उचलली, आमच्यापेक्षा जास्त व्याजानं. कागदपत्रं तिकडे गेली.

ऑगस्टमध्ये काकू पासबुक भरायला आल्या. हप्ता आमच्याच बँकेतल्या त्यांच्या खात्यातून जातो. शिल्लक कमी पडून परत गेलेला एक हप्ता आणि त्यापायी कापलेला दंड, दोन्ही नोंदी पासबुकात होत्या. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“लेकरं दहा तारखेपर्यंत भाडं देतेत, साहेब. हे पाच तारखेलाच कापून घेतेत. तेवढी तारीख पुढं सरकत असली तर बघा की.”

कर्ज आमचं नव्हतं. तरी त्यांचा अर्ज मीच लिहून दिला.