नळ किती दिवसाला येतो?

संभाजीनगरात भाड्यानं घर बघायला निघालं की भाडं, डिपॉझिट, हवा-उजेड हे सगळं नंतर, पहिला प्रश्न एकच, नळ किती दिवसाला येतो. आणि हे विचारताना कुणालाच काही वावगं वाटत नाही, ना विचारणाऱ्याला ना सांगणाऱ्याला. पाच दिवसाला म्हणलं तर मान हलवायची, आठवड्याला म्हणलं तर हौद केवढाय ते विचारायचं, आणि "टँकर येतो की" म्हणलं तर दिलेला चहा पिऊन निघायचं.

मी लातूरची, नवरा परभणीकडचा. आम्ही दोघं लग्नानंतर इकडं आलो कारण त्याला वाळूजला कंपनीत नोकरी लागली आणि मला चिकलठाणा एमआयडीसीत. शहर ज्यांना माहितीय ते इथंच हसतील. वाळूज पश्चिमेला, चिकलठाणा पूर्वेला, मधी अख्खा जालना रोड, उड्डाणपूल आणि सिग्नल. सगळ्यांनी सल्ला दिला की मधी घर बघा, क्रांती चौक उस्मानपुरा असं, म्हणजे दोघांनाही सारखंच. नकाशावर ते बरोबर दिसतं पण माझं ठाम मत आहे की मधलं घर ही फसवणूक आहे, त्यात दोघंही सारखेच दमतात एवढंच, आणि मधल्या भागाचं भाडं ऐकलं की आपण दोघंही नोकरी नेमकी कुणासाठी करतोय असा प्रश्न पडतो.

खरं तर आमचं गणित एका तिसऱ्याच गोष्टीवर सुटलं, ते म्हणजे कंपनीची बस. वाळूजच्या बऱ्याच कंपन्यांच्या बस शहरातनं माणसं उचलतात, फर्स्ट शिफ्टला पहाटेच चौकाचौकात डबा घेऊन उभी माणसं दिसतात ती त्याचीच. म्हणजे नवऱ्याला वाळूज जवळ नसलं तरी चालतं, बसचा थांबा जवळ पाहिजे. मला कुठली बस नाही, स्कूटी. मग घर माझ्या बाजूला सरकवायचं आणि थांबा त्याच्यासाठी धरायचा, असं ठरलं. हे ठरवायला एक भांडण लागलं पण ते इथं नको.

वाळूजजवळ बजाजनगर होतंच. 1985 साली बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आसऱ्यानं सगळा मराठवाडा तिथं येऊन राहिला, एका गल्लीत नांदेड, हिंगोली, बीड, शिवाय शेजारच्या विदर्भातलं बुलढाणा पण, सगळं मिळतं, बोलण्यावरनं जिल्हा ओळखायचा. मला तर तिथं लगेच दोन लातूरकर भेटले आणि पाच मिनटात आमच्या आत्याच्या गावापर्यंत पोचले. घर पण छान होतं. पण तिथनं मी रोज चिकलठाण्याला जायचं म्हणजे सगळं शहर आडवं पार करायचं, आणि आषाढीला तर वाटेतल्या छोट्या पंढरपूरला एवढी गर्दी होते की रस्त्यावर गाडी घालायचं नावच नको. सातारा परिसर, देवळाई, बीड बायपासकडं नवीन बिल्डिंगा, मोठ्या खोल्या, बाल्कनीतनं डोंगर, भाडं कमी. नवरा तिथंच अडकला होता. मी विचारलं नळ, तर मालक म्हणले "बोअर हाय ना ताई, आन् टँकर तर एका फोनवर." आम्ही गेलो होतो सप्टेंबरात. सप्टेंबरात कुणाच्याही बोअरला पाणी असतं.

आता मी पाण्याचं एवढं का धरून बसते तर त्याला कारण आहे. 2016 चा उन्हाळा मी लातूरात काढलाय. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं नकोत म्हणून तिथं जमावबंदीचं 144 कलम लावलं होतं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या. सगळा देश ती गाडी टीव्हीवर बघत होता आणि आम्ही घरात आंघोळीचं पाणी परातीत धरून पुन्हा संडासला वापरत होतो. त्यामुळं इथले मालक लाजत लाजत "आठ दिवसाला येतो हो नळ" म्हणतात ना, तर आम्हा लातूरकरांच्या तोंडातनं आपोआप निघतं, मंग चांगलंय की! नवऱ्यानं मला याच्यावरनं दम दिला, असं म्हणायचं नाही, भाडं वाढतं.

गंमत बघा, हे शहर निजामशाहीच्या ज्या मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी म्हणून वसवलं त्यानं मागोमाग काही वर्षात पाण्याचंही बघितलं, डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतनं शहरात आणलं. पाव्हणे आले की आम्ही त्यांना पाणचक्की दाखवायला नेतो, तिथं पाणी पडताना बघून सगळे फोटो काढतात, आणि घरी आल्यावर त्यांना आंघोळीला एकच बादली. आज 50-55 किलोमीटरवर पैठणला 102 टीएमसीचं, म्हणजे 102 अब्ज घनफूट पाण्याचं जायकवाडी धरण आहे. ते भरलं की पेपरात दारं उघडल्याचा फोटो येतो आणि आमच्या गल्लीत त्याच दिवशी नळाची वाट बघणं चालू असतं. धरणात पाणी असणं वेगळं आणि शहरापर्यंत ते आणणाऱ्या पाइपची ताकद वेगळी, हे इथं पोराबाळांनाही माहितीय.

पाव्हण्यांवरनं आठवलं. नवीन जोडपं म्हणलं की मालकांना फार आवडतं असं मला वाटायचं, शांत असतात, सामान कमी, भिंतीला लेकराच्या रेघोट्या नाहीत. पण मुलाखत बघा. आधी आडनाव, मग गाव, मग "त्या गावात अमुक लोक का तमुक", म्हणजे जे विचारायचंय ते सरळ न विचारता सगळं काढून घेणं, याचा मला अजून राग येतो. मग व्हेज का नॉनव्हेज. मग एकदम हळूच, "पाव्हणे लई येतात का?" मला पहिल्यांदा वाटलं आवाज-गडबडीचं असेल. नाही, पाण्याचंच! दोन माणसाचा हौद सहा माणसाला लागला तर मालकाची आंघोळ राहते. सिडकोत एका काकूंनी तर स्पष्ट सांगितलं, सासू-सासरे आले तर चालेल पण दिवाळीला दोन्हीकडचे एकदम नको.

शेवटी गारखेडा परिसरात वरचा मजला मिळाला, खाली मालक. सूतगिरणी चौकातनं नवऱ्याची बस, मला मुकुंदवाडीकडनं चिकलठाणा सोपं. खोल्या लहान आहेत, किचनमध्ये दोघं उभे राहिले तर एकानं श्वास आत घ्यायचा. पण हौद मोठा आहे, आणि मी मालकाला नाही तर शेजारच्या जुन्या भाडोत्री वहिनींना गाठून विचारलं होतं की मे महिन्यात काय असतं, तर त्या म्हणल्या "ओढाताण व्हते, पण बंद नाही पडत." यापेक्षा खरी गॅरंटी कुठली.

मग करार. अकरा महिन्याचा केला की नोंदणी लागत नाही असं इथं एजंट पण छातीठोक सांगतात, पण ते खरं नाही. आपल्याकडं 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याच्या कलम 55 प्रमाणं लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच आपला अकरा महिन्याचा करार, लेखी आणि नोंदवलेलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि पुढं वाद झाला तर भाडोत्री सांगतो त्या अटी धरल्या जातात, मालकाला उलटं सिद्ध करावं लागतं. म्हणजे घाबरायचं तर मालकानं! खर्च पण काही फार नाही, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये आणि स्टॅम्प ड्युटी पाव टक्का. नवऱ्यानं हे सगळं मोबाईलवर काढून दाखवलं तर मालक म्हणले "तुम्ही वकील हाव का?" पण केला ऑनलाइन.

त्या कराराच्या मसुद्यात भिंतीला खिळा ठोकण्यावर अट होती, कुत्र्यावर होती, रंगावर होती, पाण्यावर एक ओळ नाही. मी म्हणलं पाण्याचं लिहा. मालक हसायले, "ताई, पाणी काय माझ्या हातात हाय का?" ते खरंच होतं. मग एवढंच लिहून घेतलं की नळ चुकला आणि टँकर मागवला तर पैसे निम्मे निम्मे. ही ओळ आम्हाला उन्हाळ्यात कामाला आली. बाकी करारातलं आम्ही नंतर काहीच उघडून बघितलं नाही.

आता अकरा महिने संपत आलेत. मालक दहा टक्के वाढवा म्हणायलेत, नवरा म्हणतो एवढ्यात तर सातारा परिसरात टू बीएचके येईल, बाल्कनीसकट, आज रविवारी बघून येऊ. बाहेर पाऊस चालूय. मी म्हणलं मे महिन्यात बघू, तोपर्यंत दहा टक्के देऊन टाक.