कॉम्प्युटर कुणाची वाट बघतोय?

कॉम्प्युटर सुरू झाला, पडदा उजळला, की काही माणसं सगळ्यात आधी मोकळ्या जागेत उजवं बटण दाबून 'रिफ्रेश' मारतात. एकदा नाही, पाच-सहा वेळा, मनगटाला ठेका धरून. त्यानं यंत्राला तरतरी येते अशी त्यांची ठाम समजूत असते. माझ्या ओळखीत असं करणारे कितीतरी आहेत आणि त्यांत इंजिनिअरही आहेत. प्रत्यक्षात रिफ्रेश करून डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा एकदा मांडली जातात, बस. नुकतीच आलेली एखादी फाइल दिसत नसेल तर ती दिसू लागते. मेमरी मोकळी होत नाही, डिस्कवरचा भार उतरत नाही. तरी मी कुणाला अडवत नाही. त्या काही सेकंदांत पाठीमागे यंत्राचं स्वतःचं काम उरकत आलेलं असतं, आणि श्रेय मात्र रिफ्रेशच्या पदरात पडतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला!

घरचा कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की पहिलं खापर फुटतं ते त्याच्या वयावर. 'म्हातारा झालाय बिचारा.' पण आठ वर्षांपूर्वीचा प्रोसेसर आजही बेरजा-वजाबाक्या त्याच वेगानं करतो. त्याचे गुडघे दुखायला लागलेले नसतात. धूळ आणि उष्णता हा एक अपवाद, त्याच्याकडे येतोच. एरवी तो हळू चालत नसतो, तो थांबलेला असतो. कुणाची तरी वाट बघत. म्हणून 'याचा वेग कसा वाढवू' हे विचारण्याआधी 'हा खोळंबलाय कुणापायी' हे विचारलं, तर अर्धी शोधाशोध वाचते.

ही वाट केवढी मोठी असते याचा मी एकदा हिशेब मांडला होता. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे सेकंदाला तीन अब्ज ठोके पडतात. समजा, त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद. मग मेमरीतून, म्हणजे रॅममधून काही मागवलं तर ते यायला त्याला साधारण पाच मिनिटं लागतात. ठीक आहे, तेवढी कळ काढता येते. एसएसडीतून, म्हणजे आत काहीही न फिरणाऱ्या नव्या प्रकारच्या डिस्कमधून मागवलं तर तीन-साडेतीन दिवस. आणि जुन्या, फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कमधून मागवलं तर? जवळजवळ वर्ष! कारण तिथे खरोखरच एक तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असते, एक दांडी योग्य जागी सरकते आणि हवा तो तुकडा फिरत फिरत तिच्याखाली येण्याची वाट बघते. यात सरासरी दहाएक मिलिसेकंद जातात. आपल्याला ते कळतही नाहीत, पण सुरू होताना कॉम्प्युटर अशा हजारो फेऱ्या मारतो. एकेका फेरीला वर्ष. पडद्यावर गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघून दात-ओठ खाताना माझ्या मनात हा हिशेब येतो आणि प्रोसेसरची थोडी कीव येते.

आता तो नेमकं कोणापायी थांबलाय हे कसं कळणार? विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर), मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतात. कॉम्प्युटर ढिम्म झालेला असतानाच ते बघायचे. सगळं सुरळीत झाल्यावर बघून उपयोग नाही. ज्या रकान्यात आकडा शंभराला टेकलाय, तिथे पाणी मुरतंय. जुन्या यंत्रांत बहुधा तो रकाना डिस्कचा असतो. सीपीयू दहा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क शंभरावर घामाघूम, हे चित्र मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही.

घरांत म्हणायचं कारण, प्रत्येक कुटुंबात 'त्याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी एक व्यक्ती असते आणि आमच्याकडे ते मानाचं पान माझ्याकडे आहे. मावशीचा फोन येतो. "अरे, उघडायलाच तयार नाही बघ." मी ठरलेला प्रश्न विचारतो, "रीस्टार्ट केलंस का?" यावर ती दुखावते. "म्हणजे काय, रोज रात्री बंद करून झोपते मी." ती खरंच बंद करते. पण बंद करणं आणि रीस्टार्ट करणं यांत २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून एक मेख आहे. त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. आपण 'शट डाउन' केलं की उघडे प्रोग्रॅम मिटतात खरे, पण विंडोजचा गाभा आणि त्याला चिकटलेले ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे वेगवेगळे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं, जसेच्या तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. त्यामुळे सुरू व्हायला वेळ कमी लागतो. पण एखादा ड्रायव्हर बिथरला असेल तर तोही तसाच बिथरलेला उठतो. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं मुळापासून नव्यानं सुरू होतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली 'अप टाइम' म्हणून एक आकडा असतो. रोज रात्री कॉम्प्युटर बंद करणाऱ्यांनी तो जरूर बघावा. आठवडेच्या आठवडे तो जागाच असल्याची नोंद तिथे सापडते. तेव्हा आठवड्यातून एकदा रीस्टार्ट. फुकटातला आणि बिनधोक असा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' नावाचं एक पान आहे. कॉम्प्युटर सुरू होताच आपणहून कामाला लागणाऱ्यांची ती यादी. ती वाचणं हा माझा आवडता करमणुकीचा कार्यक्रम आहे. कधीकाळी विकून टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस, एकदाच मीटिंगसाठी उतरवलेलं व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर, मुलानं खेळून सोडून दिलेल्या गेमचा लाँचर, आणि स्वतःची नवी आवृत्ती आली का एवढंच बघत बसणारे दोन-चार अपडेटर. प्रत्येकाला वाटतं की घरमालकाचं आपल्यावाचून अडेल. उजवं बटण दाबून 'डिसेबल' म्हणायचं; प्रोग्रॅम उडत नाही, फक्त न बोलावता येत नाही. अँटिव्हायरस, टचपॅड आणि साउंडची सॉफ्टवेअरं तेवढी राहू द्यावीत. अँटिव्हायरसवरून आठवलं, तो एकच असावा. विंडोज ८ पासून विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आतच असतो. त्यावर दोन वेगळे अँटिव्हायरस बसवले तर आपण उघडलेली प्रत्येक फाइल तेही आपापल्या परीनं तपासायला घेतात, आणि आपण दोघांच्या मागे रांगेत.

एक गोष्ट सांगितली तर लोकांना पटत नाही: जो कॉम्प्युटर क्वचित लावला जातो तोच जास्त रेंगाळतो. 'पंधरा दिवसांतून एकदा तर लावतो, तरी हा असा!' अहो, म्हणूनच. पंधरा दिवसांची अपडेटं, राहून गेलेली अँटिव्हायरसची तपासणी, फाइलींची सूची बनवण्याचं काम, हे सगळं तो नेमका त्या पहिल्या तासात उरकायला बघतो, आणि आपल्यालाही एक पत्र लिहून छापायचं असतं ते त्याच तासात. अशा यंत्राला कधीतरी काही काम नसताना चार्जरला लावून, इंटरनेट जोडून, तासभर नुसतं चालू ठेवावं. त्याला स्वतःची कामं करू द्यावीत. आपण दुसऱ्या खोलीत जावं, म्हणजे रिफ्रेश मारायचा मोह होत नाही.

मेमरी कमी पडते तेव्हा वेगळाच तमाशा असतो. रॅम भरली की यंत्र तिच्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. थोडं चालतं. पण मागणी फार वाढली की सगळा वेळ या ने-आणीतच जातो आणि प्रत्यक्ष काम शून्य. पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञानं १९६८ मध्येच या अवस्थेची कारणं आणि उपाय मांडले होते, म्हणजे घरोघरी कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी. आज याला मुख्य निमित्त म्हणजे ब्राउझरच्या टॅब. 'नंतर वाचीन' म्हणून उघड्या ठेवलेल्या टॅब कुणी नंतर वाचल्याचं मी पाहिलेलं नाही. क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' आणि एजमध्ये 'स्लीपिंग टॅब्ज' आहेत, ते चालू असू द्यावेत. न वापरलेल्या टॅब निजतात. एक्स्टेन्शनही, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं, चाळून बघावीत. आणि चार जीबी रॅमवर हे सगळं रेटत असाल तर आठ करून बघण्यासारखं आहे, मात्र काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डाग देऊन जोडलेली असते, तिथे इलाज नाही. आधी विचारून घ्यावं.

मेमरी 'मोकळी' करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरांवर माझा जरा राग आहे. रॅम रिकामी ठेवण्यात काही भूषण नाही. उरलेल्या रॅममध्ये विंडोज पुन्हा लागतील अशा गोष्टी मुद्दाम हाताशी ठेवतं. त्या जबरदस्तीनं हुसकावल्या की पडद्यावर आकडा छान दिसतो, आणि पुढच्या क्लिकला त्याच गोष्टी पुन्हा डिस्कवरून आणाव्या लागतात. तीच गत रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगांची नोंदवही, साफ करणाऱ्यांची. शेकडो 'चुका' लाल अक्षरांत दाखवायच्या आणि दुरुस्तीचे पैसे मागायचे. त्या नोंदी पडून राहिल्यानं वेगाला काही होत नाही; चुकीची नोंद उडाली तर मात्र चालता प्रोग्रॅम बंद पडू शकतो. मायक्रोसॉफ्टही अशा साधनांची पाठराखण करत नाही.

डीफ्रॅगचं, म्हणजे डिस्कवरचे फाइलींचे तुकडे आवरून ठेवण्याचं, मात्र मला प्रेम आहे, अगदी आतबट्ट्याचं. विंडोज ९५, ९८ च्या काळात ते रंगीत चौकोन एकेक करून जागेवर बसताना बघत राहण्यात जी तंद्री लागायची! डिस्कवर विखुरलेले तुकडे एकत्र आले की दांडीची पळापळ कमी व्हायची, त्यामुळे तेव्हा त्याला अर्थ होता. आता विंडोज ते काम आपलं आपण, वेळापत्रकानुसार करतं. एसएसडीत तर दांडीच नसते. तिथे तुकडे हलवत बसणं म्हणजे तिची लिहिण्याची मर्यादित ताकद उगाच खर्च करणं.

राहिली धूळ. पंख्याची जाळी बुजली, लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला, की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर जिवाच्या भीतीनं स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. पंखा सतत किंचाळत असेल तर आधी जाळी बघा.

पडद्यावरच्या खिडक्या उघडतानाच्या, मिटतानाच्या हालचाली बंद केल्या तरी बरं वाटतं. कॉम्प्युटरला त्याचा फार भार असतो म्हणून नव्हे, तर त्या हालचालीलाच वेळ लागतो म्हणून. माणसाच्या सहनशक्तीचं गणित आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडायला घेतलं. पुढे रूढ झालेली मापं अशी: दाबल्यावर एक दशांश सेकंदात काही घडलं तर ते आपल्याला तत्क्षणी वाटतं, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते, आणि दहा सेकंदांपुढे मन दुसरीकडे जातं. ही माणसाची मापं बदललेली नाहीत. यंत्रं मात्र त्यानंतर हजारो पटींनी वेगवान झाली, तरी दहा सेकंद काही चुकले नाहीत! संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये याची गोम सांगितली: हार्डवेअर ज्या गतीनं वेगवान होतं, त्याहून अधिक गतीनं सॉफ्टवेअर हळू होत जातं. २००१ च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरायची. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. बरोबर ६४ पट. पत्र मात्र आपण पूर्वीएवढंच लिहितो.

पैसे खर्च करायचेच असतील तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवण्यात करावेत. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी हे लिहिलेलं असतं. एचडीडी असेल तर बाकीचे सगळे उपाय एका पारड्यात आणि ही अदलाबदल दुसऱ्या पारड्यात. वर्षाचे साडेतीन दिवस होतात, हे वर सांगितलंच आहे. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवता येते, त्यामुळे सगळं पुन्हा बसवायलाही नको. मात्र त्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवायचीच; आणि डिस्क टकटक आवाज करत असेल तर वेगाचं नंतर बघू, आधी फोटो वाचवा.

एवढं करून यंत्र पळायला लागलं तरी एक अडचण उरतेच. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नेहमीची अपडेटं, मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसेल तर विंडोज ११ ते यंत्र अधिकृतपणे स्वीकारत नाही, मग ते कितीही चपळ असो. ज्यांचं काम ब्राउझर, पत्रं आणि हिशेबाचे तक्ते एवढंच आहे, त्यांना मी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली सुचवतो, त्यातही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. पेन ड्राइव्हवर उतरवून, कॉम्प्युटरवरच्या कशालाही धक्का न लावता, ती आधी चालवून बघता येते. वायफाय जोडलं जातंय का, आवाज येतोय का आणि प्रिंटर ओळखला जातोय का, हे तेव्हाच तपासून घ्यावं. पेन ड्राइव्हवरून ती थोडी सावकाश चालते, त्यावरून तिचा वेग ठरवू नये.