मास्तरचा कोयता

रविवार, रात्री साडेनऊ

आंघोळ दोनदा झाली, खोबरेल चोळलं, तरी डाव्या घोट्याशी खाज आहेच. मोजे आईने घरात आणू दिले नाहीत. परसात दोरीवर लटकताहेत, कुसळांसकट.

त्रिपुरारीला गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरच्या नौका बघायला गेलो होतो, तेव्हाच मास्तरने (शाळेत शिकवतो म्हणून आमच्यात तो मास्तर) सांगून ठेवलं होतं, "रविवारी खाणीमागची वाट काढूया." म्हणजे सायकलवरून शोधूया, असं मी धरून चाललो. आज सकाळी त्याच्या पाठपिशवीतून कोयत्याची मूठ डोकावत होती.

होंडा गावात पातळ भाजी-पाव खाऊन पिसुर्ल्याच्या बाजूने आत शिरलो. सुरुवातीचा रस्ता खाणीचा. २०१२ ला खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या. टिप्पर ट्रकांनी दाबून दाबून पाट्यासारखा केलेला तो रस्ता, आता तिथे रानमोडीची झुडपं खांद्याला लागतात. डंपावर, म्हणजे खाणीच्या मातीच्या ढिगावर, लावलेल्या अकेशियाचा पाचोळा तर विचारू नका. ती वाकडी पानं म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ. लवकर कुजत नाहीत, एकावर एक साचतात आणि पावसाने पाडलेले चर झाकून टाकतात. चर आहे हे पुढचं चाक आत गेल्यावरच कळतं. मी दोनदा पडलो. टायरमधली हवा पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयवर आणली, तेव्हा कुठे जरा पकड आली.

खाणीचा रस्ता संपला तिथून काजूंमधून खाली व्हाळाकडे (ओढ्याकडे) उतरणारी पायवाट. वाट म्हणजे काय, दोन चिऱ्यांच्या पायऱ्या दिसल्या म्हणून वाट म्हणायची. मास्तरने कोयता काढला आणि आमचं वाजलं. माझं म्हणणं, कुणी चालत नाही म्हणून रान पुन्हा उभं राहतंय, आपण कोण ते मारणारे? त्याचं म्हणणं, रानमोडी बाहेरची, तिला कसलं रान म्हणतोस? बोलता बोलता त्याने वीसेक पावलं साफ केलीसुद्धा. चिडून मी न कापलेल्या बाजूने सायकल घातली.

तिथे एक वेल मागच्या चाकात शिरली, डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या भागाला) गुंडाळली आणि कट्कन आवाज आला. डिरेलर फ्रेमला ज्या तुकड्याने जोडतात तो हँगर मऊ ॲल्युमिनियमचा करतात, फ्रेमवर येणारं आधी त्याच्यावर जावं म्हणून. त्याने आपलं काम चोख केलं, दोन तुकडे झाले. मास्तरकडचा जादा हँगर माझ्या फ्रेमला बसेना, आणि माझा जादा हँगर घरी कपाटात. मग बसलो. डिरेलर काढून खिशात टाकला, चेन टूलने चेनच्या जास्तीच्या कड्या काढल्या, मागच्या मधल्या चक्रावर सरळ बसवून क्विक लिंकने जोडली. एकच गिअर, पण सायकल चालती झाली. माझ्या सायकलला मागे सस्पेन्शन नाही म्हणून हे जमलं. असतं, तर प्रत्येक उसळीला चेन ताणली गेली असती.

हे सगळं जिथे बसून केलं, तिथे डोक्यावर खाजकुयली होती. सोनेरी लव असलेल्या, वाळलेल्या शेंगा. पाच मिनिटांनी मानेपासून पोटरीपर्यंत आग. मी व्हाळावर धावलो आणि पाणी ओतून चोळचोळ चोळलं, म्हणजे जे करू नये नेमकं तेच केलं.

"खंय चलल्यात रे भुरग्यांनो?" पलीकडच्या बांधावर एक मावशी, डोक्यावर सरपणाची मोळी. माझा अवतार बघून आधी पोटभर हसली. मग मोळी टाकून घराकडून ओलं शेण घेऊन आली, मला फासायला लावलं आणि वाळल्यावर खरवडून काढायला सांगितलं. लव शेणाला चिकटून निघते. निम्मी तरी निघाली.

शेण वाळेपर्यंत ती वाटेबद्दल बोलली. खाणीचा रस्ता झाला त्याच्या आधी याच वाटेने तिच्या गावच्या बायका साखळीच्या बाजाराला जायच्या. टिप्परांचा रस्ता झाला तशी वाट सुटली, नंतर घरोघरी स्कूटर आल्या. म्हणजे रानाने वाट खाल्ली ती खाण बंद झाल्यावर नव्हे, खाण जोरात असताना! मी इतकी वर्षं उलटंच समजत होतो.

मास्तरने लगेच विचारलं, मग कापू का? ती म्हणाली, व्हाळापर्यंत काप, माघात काजू पडू लागले की मला तिथवर यावंच लागतं. त्याच्या पलीकडे कशाला, तिथे कुणाचं काय आहे?

मास्तर माझ्याकडे बघून हसला. मीही त्याच्याकडे बघून हसलो. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटत होतं.

परतीचा चढ एका गिअरवर जमला नाही, सायकल ढकलतच आणली. हँगरची ऑर्डर आत्ताच टाकली. मघाशी मास्तरचा फोन आला. कोयता मावशीच्या बांधावरच राहिला म्हणतो, पुढच्या रविवारी आणायला जावं लागेल. विसरला की मुद्दाम ठेवला, हे काही केल्या सांगत नाही.