मास्क लावला आणि नाक सुट्टीवर गेलं

मी जळगावला स्टाफ नर्स आहे, कॅज्युअल्टीत. आमच्या कामात नाक किती लागतं हे मास्क येईपर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं. काळी शी झाली असेल तर चादर उचलायच्या आधीच कळायचं की पोटात ब्लीडिंग आहे, शुगर फार वाढलेल्याच्या श्वासाला तो नेलपेंट रिमूव्हरसारखा वास, आणि कपाशीच्या फवारणीच्या दिवसात तर कीटकनाशकाची विषबाधा झालेल्याचं स्ट्रेचर दारात असतानाच लसणासारखा उग्र भपका यायचा.

2020 च्या फवारणीत असाच एक शेतकरी आला, मी एन 95 लावून बीपी घेतेय, आयव्ही लावतेय आणि त्याची बायको म्हणते, "सिस्टर, तुमले औषधना वास येत नई का?" खरंच येत नव्हता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि तोंडातून लाळ बघून डॉक्टरांनी लगेच अॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचं औषध, सुरू केलं म्हणून निभावलं, पण माझे हातपाय गार पडले, म्हटलं झाला कोविड.

स्वॅब दिला आणि घरी वेगळ्या खोलीत बसले. सासूबाई शेवभाजीचा काळा मसाला भाजत होत्या, मला असा ठसका लागला की मी खूशच झाले, मग लक्षात आलं की ठसका म्हणजे वास नाही, मिरची तर नाक मेलं तरी झोंबते. मग पिकलेलं केळं घेतलं (आमच्याकडे त्याला काय तोटा). मास्क काढून हुंगलं तर हातभर अंतरावरून वास, मास्क लावून पार नाकाला टेकवलं तेव्हा कुठे जरासा. म्हणजे नाक शाबूत होतं. दोन दिवसांनी रिपोर्ट पण निगेटिव्ह आला.

नंतर कान-नाक-घशाच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या एन 95 कण अडवतो, 0.3 मायक्रॉनचे निदान 95 टक्के, वास म्हणजे वायू, तो जाळीतून येतोच, पण जोरात हुंगता येत नाही आणि आत आपलाच दमट श्वास फिरत असतो, त्यात बारीक वास दबतो. आमच्या एका मैत्रिणीला फिनाईलचा वास आला म्हणून तिने चांगला मास्क डुप्लिकेट समजून फेकला होता! मास्क नीट बसलाय का ते बघायला सॅकरिनचा फवारा मारतात, तोंड गोड झालं तर कडेने हवा शिरतेय.

आता मी नाकाच्या भरवशावर राहत नाही. आधी बाहुल्या, मग कपडे, चादर स्वतः उचलून बघते आणि नातेवाईकांना सरळ विचारते, कसला वास येतोय का, फवारणीच्या औषधाची बाटली आणलीय का. आमच्या वॉर्डातल्या मावशींचा मास्क कायम हनुवटीवर असतो, त्यावरून मी त्यांना रोज रागावते आणि शंका आली की हाक पण त्यांनाच मारते, "मावशी, जरा इकडे या, वास घ्या."