कीबोर्ड ग्रबपर्यंत चालतो

ऑफिसात लॅपटॉपची नवी खेप आली, मॉडेल अगदी ताजं. लिनक्स टाकायचं काम माझ्याकडे. सिक्युअर बूट, डिस्कचा मोड वगैरे नेहमीचं झालं, लॉगिनचा पडदा आला आणि कीबोर्ड मुका.

बायोसमध्ये तो चालत होता. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूतही बाण वरखाली होत होते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू झाला की कीबोर्ड मेला. यूएसबीचा कीबोर्ड लावला तर ठणठणीत. खरेदीवाल्यांनी तोवर "माल खराब, परत पाठवतो" असा मेल टाकलाही होता. विंडोज चाललं की मशीन तपासून झालं, ही समजूत त्यांची तशी बनवणाऱ्यांचीही.

कर्नलच्या लॉगमध्ये ओळ सापडली: "आयआरक्यू १ ओव्हरराइड टू एज, हाय", पुढे कंसात उद्गारचिन्ह. ती पाहून मला चक्क आनंद झाला. कीबोर्डचा इंटरप्ट (आयआरक्यू, म्हणजे कळ दाबली की प्रोसेसरला जाणारा इशारा) १ नंबरचा, हे १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलंय. जुन्या आयएसए बसच्या (पीसीत कार्डं जोडायच्या वाहिनीच्या) रिवाजाने तो एज-ट्रिगर्ड, ॲक्टिव्ह हाय: तारेवरचा व्होल्टेज खालून वर उडी मारतो, तोच इशारा. या मशीनच्या फर्मवेअरने (बनवणाऱ्याने आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरने) डीएसडीटी या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या टेबलात लिहिलं होतं ॲक्टिव्ह लो, म्हणजे उलटं, आणि वायरिंगही तसंच. पण एमएडीटी या इंटरप्टांच्या दुसऱ्या टेबलात तशी नोंद नसली, तर कर्नल डीएसडीटीला न जुमानता जुना रिवाज लावतो. फर्मवेअरं इतकी वर्षं इतकं खोटं बोलत आली आहेत, की त्याला दोष देववत नाही. नेमकं खरं बोलणारं फर्मवेअर मार खाऊन गेलं.

यावरचा उपाय कर्नलमध्येच आहे. एसीपीआयच्या (ही टेबलं ज्या मानकातली, त्याच्या) रिसोर्स फाइलमध्ये मदरबोर्डांच्या नावांची यादी आहे: या मशीनवर रिवाज लावू नका. आमच्या बोर्डाचं नाव घातलं, कर्नल बांधला, कीबोर्ड बोलू लागला. हा बदल, म्हणजे पॅच, कर्नल सांभाळणाऱ्यांना पाठवला.

पण ही यादी मला छळते. गिऱ्हाइकाच्या हातात मशीन पडून, ते बंद पडून, कोणीतरी नाव कळवल्याशिवाय तीत ओळ वाढत नाही. दुसरी खेप आली तेव्हा बोर्डाच्या नावात शेवटचं एक अक्षर वेगळं होतं, कीबोर्ड पुन्हा बंद. नावाचा फक्त पुढचा भाग जुळवला तर दोन्ही मॉडेलं बसतात. पण त्याच नावाचं एखादं भावंड आज जुन्या रिवाजावर नीट चालत असेल, तर त्याचा कीबोर्ड माझ्या ओळीमुळे जाईल. दुसरा पॅच अजून पाठवलेला नाही.