स्विच बंद, तरी रेलवर २.३१ व्होल्ट

डेटा लॉगरचं काम पुढे सरकलंय. तापमानाच्या नोंदी ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) नीट जातायत, सीरियलवर वाचताही येतायत. अडलं ते भलत्याच ठिकाणी. पॉवरचा स्विच बंद केला, सेलचा संबंध तुटला, तरी ३.३ व्होल्टच्या रेलवर, म्हणजे चिपला वीज देणाऱ्या ओळीवर, मीटर २.३१ दाखवतोय. ही ३.३ ची पातळी स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या इनपुटला १.८. म्हणजे आउटपुट इनपुटपेक्षा जास्त! एवढ्यावरूनच कळलं की वीज मागच्या दाराने येतेय आणि रेग्युलेटरमधल्या बॉडी डायोडमधून (आतल्या ट्रान्झिस्टरमध्ये मुळातच असलेला, एकाच दिशेने वीज सोडणारा भाग) उलटी इनपुटकडे जातेय.

ज्यांनी आधीचे भाग पाहिले नाहीत त्यांच्यासाठी बोर्ड थोडक्यात: एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप, ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, एक लिथियम सेल, स्विच, ३.३ चा रेग्युलेटर, आणि लॅपटॉपशी बोलायला ३.३ व्होल्ट पातळीचा यूएसबी-सीरियल ॲडाप्टर. सेलचा व्होल्टेज मोजायला १ मेगओहमच्या दोन रेझिस्टरांचा, व्होल्टेज अर्धा करणारा डिव्हायडर आहे, तो स्विचच्या आधी, थेट सेलवर.

आधी आकडा खरा की पोकळ ते ठरवलं. डिजिटल मीटरचा इनपुट साधारण १० मेगओहमचा असतो. एखादी पिन अधांतरी असेल, तर जवळून हात फिरवला तरी त्यावर काहीतरी दिसतं आणि माणूस उगाच त्यामागे धावतो. म्हणून रेल आणि ग्राउंडच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर धरला. मागे दम नसता तर आकडा लगेच कोसळला असता. तो २.३१ वरून २.१४ वर आला आणि तिथेच थांबला. चिप चालवून वर आणखी २ मिलिअँपिअर देणारं कुणीतरी आहे, हे नक्की झालं.

ते कुणीतरी शोधायची माझी आवडती रीत सांगतो. काळा प्रोब ग्राउंडवर न ठेवता थेट रेलवर ठेवायचा, १ किलोओहम अर्थातच काढून, आणि लाल प्रोब चिपच्या एकेका पिनवर टेकवत जायचं. बाहेरून काही येत नसेल, तर कुठलीही पिन रेलच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून सगळे आकडे शून्य किंवा ऋण यायला हवेत. आलेही तसेच. ग्राउंडच्या पिनांवर −२.३१, रिसेटवर शून्य, डिव्हायडरच्या २३ नंबरच्या पिनवर जवळजवळ −०.३. आणि पिन २ वर, म्हणजे सीरियल डेटा आत घेणाऱ्या आरएक्सवर, +०.६२. एका सिलिकॉन डायोडचा ड्रॉप, चक्क उलट्या बाजूने. सापडला!

घडतंय ते असं. चिपच्या जवळजवळ प्रत्येक पिनच्या आत संरक्षणासाठी एक डायोड ग्राउंडकडून पिनकडे आणि एक पिनकडून रेलकडे असतो. सीरियलची ओळ रिकामी असताना हाय असते, त्यामुळे ॲडाप्टरची टीएक्स (डेटा पाठवणारी, आमच्या आरएक्सला जोडलेली पिन) अखंड ३.३ ला उभी. रेल खाली गेली की वरचा डायोड उघडतो आणि अख्खा बोर्ड त्या एका तारेवर चालायला लागतो. बाकी काहीही न हलवता फक्त टीएक्सचा जंपर उपसला, तर आकडा कॅपॅसिटर रिकामा होईल तसा घसरत खाली आला.

पण शून्यावर नाही, ०.४ वर अडला. पुन्हा १ किलोओहम लावला आणि या वेळी दोन-तीन मिलिव्होल्टच उरले. म्हणजे हा दुसरा पाहुणा, आणि तोही खराच, फक्त मायक्रोअँपिअरच्या घरातला. पुन्हा काळा प्रोब रेलवर ठेवला, तर आता २३ नंबरची पिन +०.४३. सेलमधून वरच्या १ मेगओहममार्गे आलेला ३ मायक्रोअँपिअरच्या आसपासचा प्रवाह. त्याला मी राहू दिलं आहे. त्याने काही बिघडत नाही, आणि डिव्हायडर स्वतःच २ मायक्रोअँपिअर पितो.

२.३१ मात्र राहू देण्यासारखा नव्हता. डेटाशीटप्रमाणे ही चिप १.८ व्होल्टला ४ मेगाहर्ट्झपर्यंत आणि २.७ ला १० मेगाहर्ट्झपर्यंत चालवायची, मधली मर्यादा सरळ रेषेत. त्या हिशेबाने ८ मेगाहर्ट्झला निदान २.४ हवेत. त्याखाली चिप बंदही पडत नाही आणि धड चालतही नाही, आणि अशा अवस्थेत ती ईईप्रॉममध्ये काहीही लिहू शकते. शिवाय पिनांमधल्या या संरक्षक (क्लॅम्प) डायोडमधून १ मिलिअँपिअरपेक्षा जास्त जाऊ देऊ नका, असं ॲटमेलच्या एव्हीआर१८२ या टिपणात स्पष्ट आहे. इथे त्याच्या कितीतरी पट वाहत होतं. म्हणून ब्राउन-आउटचा फ्यूज (चिपमधली एक सेटिंग) १.८ वरून २.७ वर नेला. रेल तेवढी पडली की चिप रिसेटमध्ये गप्प बसते.

उपायासाठी ओळीत १ किलोओहम टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने प्रवाह कमी होतो, पण रेल मधल्यामध्ये लटकलेलीच राहते, म्हणून मला तो पटत नाही. ७४एलव्हीसी१जी१२५ सारखा बफर (मधे राहून सिग्नल पुढे देणारी चिप) चांगला, कारण त्याची स्वतःची वीज गेली की त्याच्या पिना प्रवाह आत घेत नाहीत. मी त्याहून साधं केलं: आरएक्सच्या ओळीत एक बॅट८५ शॉट्की डायोड, कॅथोड ॲडाप्टरकडे, ॲनोड चिपकडे, आणि आरएक्सवरून बोर्डाच्याच रेलला १० किलोओहमचा पुल-अप. टीएक्स लो झाली की डायोडमधून आरएक्स खाली ओढली जाते. हाय झाली की डायोड बंद, आणि वर नेण्याचं काम पुल-अपचं. लो पातळी ०.३ च्या आसपास राहते. ३.३ ला चिप ०.९९ पर्यंत लो मानते, तेव्हा भरपूर अंतर आहे. १,१५,२०० बॉडला एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा. १० किलोओहम आणि तारेचे वीस-तीस पिकोफॅरड मिळून चढायला मायक्रोसेकंदही लागत नाही. आता स्विच बंद केला की टीएक्स जोडलेली असतानाही रेल ०.४ वर येते.

डिव्हायडरचं एक वेगळं कोडं होतं, तेही सुटलं. सेल बरोबर ४.०० असताना मधल्या बिंदूवर मीटर १.९० दाखवतो. तिथे खराबी काही नाही. ५०० किलोओहमच्या स्रोताला मीटरचे १० मेगओहम लागले की २.०० चे १.९० होणारच. चिपचं रीडिंग मात्र आधी कुठला चॅनेल वाचला त्यावर बदलत होतं. एडीसीच्या (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाच्या) आतला १४ पिकोफॅरडचा कॅपॅसिटर इतक्या मोठ्या रेझिस्टन्समधून वेळेत भरत नाही, डेटाशीट तर १० किलोओहम किंवा कमीच सांगते. पिनवरून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड लावला आणि रीडिंग स्थिर झालं. आत लागणारा चार्ज आता तोच क्षणात देतो. स्विच लावल्यावर पहिलं रीडिंग पाव सेकंद थांबून घेतो, एवढंच.

उरलंय ते उलट्या दिशेचं. बोर्ड चालू ठेवून यूएसबी उपसली, तर ॲडाप्टरवरचा एलईडी अजून मिणमिणतो. आता आमची टीएक्स त्याला पोसतेय, सेलच्या जिवावर. फर्मवेअरमध्ये नोंदी पाठवून झाल्या की ट्रान्समीटर बंद करून ती पिन इनपुट करणार आहे, पुल-अपशिवाय. त्यानंतर झोपेतला प्रवाह मोजेन.